माणसाळलेले जंतू

चैत्र पौर्णिमा जवळ आली की जोतिबाच्या डोंगरावर, म्हणजे वाडी रत्नागिरीत, गुलाल-खोबऱ्याची पोती चढायला लागतात. त्याच सुमाराला पाणी शुद्ध करायची आरोग्य खात्याची टीसीएल पावडरही चढते. सासनकाठ्या, दवणा, ‘चांगभलं’चा गजर हे यात्रेचं रूप सगळ्यांना दिसतं. टाकीपासून शेवटच्या नळापर्यंत हिंडत काचेच्या नळीत पाणी घेऊन त्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब सोडणारा जलसुरक्षक मात्र कुणाच्या फोटोत येत नाही. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन शिल्लक आहे, तसंच राहिलं तर नाही. खात्यात हिला ‘ओटी टेस्ट’ म्हणतात. लाखोंची गर्दी, ऐन उन्हाळा आणि डोंगरमाथ्यावरचं बेताचं पाणी, अशा ठिकाणी यात्रा सुखरूप पार पडते त्यात या पिवळ्या रंगाचा वाटा मोठा आहे.

यात्रा आणि पटकी, म्हणजे कॉलरा, यांची जोडी जुनी. एकोणिसाव्या शतकातले इंग्रज अधिकारी पंढरीच्या वारीकडे पटकीची वाहक म्हणूनच बघत, आणि त्या बघण्यात वैद्यकाइतकीच तुच्छताही असे. गावोगाव मरीआईचा गाडा शिवेपलीकडे ढकलला जाई. रोग पुढच्या गावाला जावो, ही त्यामागची इच्छा. आज जगभर पसरलेल्या पटकीच्या जंतूचा वाणसुद्धा एका यात्रेच्या वाटेवरचाच आहे. मक्केहून परतणाऱ्या हाजींसाठी सिनाईच्या किनाऱ्यावर एल तोर इथं विलगीकरणाची छावणी होती. तिथं १९०५ साली मरण पावलेल्या काही यात्रेकरूंच्या आतड्यांत हा जंतू सापडला. नवल म्हणजे त्यांना पटकीची लक्षणंच नव्हती.

लक्षणं नसलेल्या शरीरात पटकीचा जंतू कसा, हा प्रश्न एका मोठ्या प्रश्नाचा भाग आहे. जंतू शरीरात शिरल्यावर नेमकं काय करतात? त्या शरीराशी जुळवून कसे घेतात? आणि जुळवून घेता घेता सौम्य होतात का? शेवटच्या प्रश्नाचं एक दिलासा देणारं उत्तर शंभर वर्षं चालत आलं आहे: यजमान मेला तर जंतूचंही नुकसान, म्हणून काळ गेला की दोघांचं जमतं. अमेरिकन जंतुशास्त्रज्ञ थिओबाल्ड स्मिथ यांच्या नावावर हा विचार मांडला जातो आणि साथ आली की तो हमखास ऐकू येतो. मराठी घरांनी पिढ्यान् पिढ्या सोसलेले पाच रोग तपासले तर तो नियम म्हणून टिकत नाही, असं माझं मत आहे.

पटकीपासूनच सुरुवात करू, कारण तिची हकिगत सर्वांत तपशिलानं कळली आहे. हा जंतू मुळात माणसाचा नव्हे. खाड्यांचं मचूळ पाणी आणि त्यातल्या बारीक कवचधारी जीवांची अंगं हा त्याचा मुक्काम. माणसाच्या पोटात गेल्यावर त्याची पहिली गाठ जठरातल्या आम्लाशी पडते. निरोगी स्वयंसेवकांवरच्या प्रयोगांत दिसलं, की आम्ल शाबूत असेल तर आजार व्हायला कोट्यवधी जंतू पोटात जावे लागतात. सोडा देऊन आम्ल मारलं की हजारांत-लाखांत काम होतं. त्यातून वाचलेले जंतू लहान आतड्यात पोचतात आणि तिथल्या परिस्थितीची जाणीव होताच त्यांची जनुकं कामाची पाळी बदलतात. केसांसारखे तंतू अंगावर उगवतात, त्यांच्या आधारानं जंतू आतड्याला चिकटून एकमेकांत गुंततात आणि विष सोडायला लागतात. हे विष आतड्याच्या पेशींना क्षार बाहेर टाकायला लावतं, क्षारामागून पाणी जातं. मोठ्या माणसाच्या अंगातून तासाला लिटरभर पाणी जाऊ शकतं. कलकत्त्याच्या शंभूनाथ डे यांनी १९५९ मध्ये सशाच्या आतड्यावर प्रयोग करून हे विष दाखवून दिलं. जुलाब हा त्या विषाचा परिणाम, आणि जंतूच्या दृष्टीनं तोच पुढच्या प्रवासाचा रस्ता.

खरी गंमत पुढे आहे. बाहेर पडायच्या आधी जंतू आतड्यापासून सुटे होतात आणि बाहेरच्या पाण्यात लागणारी जनुकं आतच चालू करतात. ढाक्याच्या रुग्णांच्या जुलाबातून नुकत्याच आलेल्या जंतूंवर २००२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हे ताजे जंतू उंदरांच्या पिल्लांना प्रयोगशाळेत वाढवलेल्या जंतूंपेक्षा कितीतरी पटींनी सहज लागण करत होते. तळ्याच्या पाण्यात टाकल्यावरही हा जोर काही तास टिकत होता. प्रयोगशाळेत पुन्हा वाढवले की जात होता. म्हणजे माणसाच्या पोटातून आलेला जंतू काही काळ दुसऱ्या माणसासाठी तयार होऊनच आलेला असतो. यात्रेच्या दृष्टीनं याचा अर्थ सरळ आहे. एका पालातला माणूस पहाटे आजारी पडतो आणि त्याच पाण्यावर शेजारच्या पालातला सकाळी चूळ भरतो. मधलं अंतर त्या ‘काही तासां’त सहज बसतं. म्हणून टाकीत पावडर टाकली एवढं पुरत नाही, क्लोरीन शेवटच्या नळापर्यंत शिल्लक राहावा लागतो. नळाला फडकं बांधायची आपली जुनी सवयही अगदीच निरर्थक नव्हे. बांगलादेशात सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रिटा कोलवेल यांच्या गटानं चार पदरी जुन्या साडीतून पाणी गाळायला शिकवलं, तेव्हा पटकीचं प्रमाण ४८ टक्क्यांनी घटलं. कापडात जंतू अडकत नाहीत, ज्यांच्या अंगावर ते बसतात ते बारीक जीव अडकतात. यात्रेतल्या ताज्या जंतूंवर मात्र या फडक्याचा इलाज नाही, ते कुणाच्या अंगावर बसून आलेलेच नसतात.

आता सौम्यतेचा मुद्दा. पटकीची जुनी जात जहाल होती. १९६१ मध्ये इंडोनेशियातल्या सुलावेसीतून एल तोर वाण निघाला आणि १९६४ मध्ये भारतात आला. त्यानं जुन्या जातीला हळूहळू हटवलं. याच्या लागणीत गंभीर रुग्ण कमी आणि लक्षणं नसलेले पुष्कळ, त्यामुळे स्मिथ यांचा विचार खरा ठरल्यासारखं वाटलं. पण १९९० नंतर बंगालच्या परिसरात या वाणाचे नवे प्रकार दिसू लागले: अंग एल तोरचं, विष जुन्या जातीच्या घडणीचं. याच घराण्यातला जंतू २०१० मध्ये हैतीला पोचला आणि तिथं दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. विषाची जनुकं या जंतूची स्वतःची नाहीतच. जंतूंना लागणाऱ्या एका विषाणूबरोबर ती येतात, हे १९९६ मध्ये उघड झालं. तो विषाणू जंतूत शिरायला जो दरवाजा वापरतो, तो म्हणजे आतड्यात उगवणारे तेच तंतू. माणसाच्या पोटाशी जुळवून घेण्याची खूण आणि जहाल होण्याची वाट एकच निघाली.

प्लेगची गोष्ट आणखी स्पष्ट आहे. मुंबईत मांडवी भागात १८९६ मध्ये डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी तो ओळखला. पुढच्या वर्षी १० मार्चला पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. उंदीर पडायला लागले की गाव सोडून माळावर झोपड्या घालायच्या, हे त्या पिढीचं शहाणपण होतं, आणि पिसवेचा दुवा पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये दाखवायच्या आधीच लोकांनी ते कमावलं होतं.

प्लेगच्या जंतूचे पूर्वज पोटदुखी-जुलाब करणारे मामुली आतड्यातले जंतू होते. काही हजार वर्षांपूर्वी त्यांच्यातली एक शाखा पिसवेच्या अंगात राहायला शिकली. शिकली म्हणजे काय, तर दोन-तीन गोष्टी मिळाल्या आणि काही गमावल्या. बाहेरून मिळालेल्या एका जनुकामुळे पिसवेच्या पोटात तग धरता आला. पूर्वजांचं एक वितंचक, युरिएज, पिसवेला मारक होतं. ते बनवणारं जनुक बिघडलं आणि वाहन जिवंत राहिलं. जंतूंना चिकट थर करण्यापासून रोखणारी जनुकंही बिघडली, त्यामुळे पिसवेच्या घशाशी गठ्ठा साचू लागला. घसा तुंबलेली उपाशी पिसू पुन्हापुन्हा चावते आणि दर चाव्यात जंतू आत सोडते.

पिसवेच्या अंगाचं तापमान पंचवीस अंशांच्या आसपास, माणसाचं ३७. या बारा अंशांच्या फरकावर जंतू आपलं आवरण बदलतो. या आवरणात लिपिड-ए नावाचा रेणू असतो. त्याला सहा मेदाम्लांच्या शेपट्या असतील तर आपल्या पेशी तो तत्काळ ओळखतात आणि आरडाओरडा सुरू करतात. थंड अंगात जंतू सहा शेपट्यांचे रेणू बनवू शकतो. ३७ अंशांवर चारच शेपट्या ठेवतो. शरीराला पत्ता लागत नाही आणि लागतो तेव्हा उशीर झालेला असतो. २००६ मधल्या एका प्रयोगात या जंतूला दुसऱ्या जंतूचं जनुक देऊन उष्ण अंगातही सहा शेपट्या ठेवायला लावल्या. एवढ्या एका बदलानं तो उंदरांना मारेनासा झाला. इतक्या भयंकर रोगाचं मर्म असं एका रेणूच्या टोकावर असावं, हे मला अजून पुरतं पचलेलं नाही.

दुसरी लढाई लोहाची. जंतूंना वाढायला लोह लागतं आणि आपलं शरीर ते प्रथिनांना घट्ट बांधून ठेवतं. प्लेगचा जंतू लोह हिसकावणारे रेणू सोडतो. ही क्षमता काढून टाकलेले दुबळे वाण प्रयोगशाळांत निर्धास्तपणे वापरले जात. २००९ मध्ये शिकागोत असाच वाण हाताळणारा एक संशोधक प्लेगनं मरण पावला. त्याच्या शरीरात जन्मजात दोषामुळे लोह साचत होतं, हे मृत्यूनंतर कळलं. जंतूत जे नव्हतं त्याची भरपाई यजमानानं केली, अशी शक्यता तपासणाऱ्यांनी मांडली. जंतू जहाल की सौम्य, हे एकट्या जंतूकडे बघून ठरत नाही, याचं याहून कडू उदाहरण सापडणार नाही.

इथं एक खुलासा हवा. ‘जंतू शिकतो’, ‘बदलतो’, ‘हिसकावतो’ ही आपली बोलायची रीत. तासाभरात जनुकं चालू-बंद होतात ती आधीपासून असलेल्या यंत्रणेमुळे. कायमचे बदल होतात ते नक्कल करतानाच्या चुकांतून. कोट्यवधींत एखाद्याला चूक फायद्याची ठरते आणि त्याचीच संतती उरते. महिनोन्महिने एकाच रुग्णात राहणाऱ्या जंतूंत हे डोळ्यांसमोर घडतं. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांच्या फुप्फुसात स्यूडोमोनास हा जंतू वर्षानुवर्षं राहतो. वेगवेगळ्या रुग्णांत तो स्वतंत्रपणे त्याच त्या जनुकांत बदल घडवतो: बुळबुळीत आवरण घेतो, सुरुवातीला हल्ल्यासाठी लागलेली हत्यारं टाकून देतो. रोग मात्र बरा होत नाही, मुरतो.

टायफॉईड, म्हणजे विषमज्वर, हा माणसाळण्याचा नमुनाच. त्याचे भाऊबंद कोंबड्या, गुरं, उंदीर, माणूस असे कुठेही राहतात आणि साधारणपणे दोन-चार दिवसांचे जुलाब करून जातात. टायफॉईडचा जंतू फक्त माणसात राहतो. २००१ मध्ये त्याचा जनुकसंच वाचला तेव्हा दोनशेवर जनुकं मोडकी निघाली. इतर प्राण्यांत आणि आतड्यातल्या गर्दीत राहायला लागणारी बरीच त्यांत होती. त्याच्याकडे ‘व्हीआय’ नावाचं वेष्टण आहे, त्यामुळे आतड्यात गाजावाजा होत नाही. आपल्याच भक्षक पेशींत बसून तो यकृत-प्लीहेपर्यंत जातो आणि काहींच्या पित्ताशयात, विशेषतः खड्यांवर, कायमचा ठाण मांडतो. न्यूयॉर्कची स्वयंपाकीण मेरी मॅलन अशीच वाहक होती; तिला ताप नव्हता, पण तिच्या हातचं खाणाऱ्यांना येत होता. तिच्यापुरता जंतू सौम्यच. आफ्रिकेत एचआयव्ही, हिवताप आणि कुपोषण यांनी खंगलेल्या लोकांत गेल्या काही दशकांत टायफॉईडच्या भाऊबंदांतल्या एका साध्या साल्मोनेलाचा वाण रक्तात शिरू लागला आहे आणि त्याचीही जनुकं टायफॉईडसारखीच मोडत चालली आहेत. माणसाळण्याची प्रक्रिया आपल्या काळात चालू असलेली बघायला मिळते आहे, आणि तिची दिशा सौम्यतेकडे नाही.

क्षयाकडे आलं की सौम्यतेचा सिद्धांत पार अडखळतो. क्षयाचा जंतू हजारो वर्षं माणसाबरोबर आहे. जंतू गिळून पचवणाऱ्या पेशींतच तो राहतो, पचवणारी क्रिया थोपवतो, त्या पेशींतलं कोलेस्टेरॉल खातो. भोवती पेशींची गाठ बांधली गेली आणि प्राणवायू कमी पडला की जनुकांचा एक अख्खा गट चालू करून वर्षानुवर्षं मंद पडून राहतो. लागण झालेल्यांपैकी बहुतेकांना रोग कधीच होत नाही. मग हा तर समेट झाला! पण रोग होतो त्यांची फुप्फुसं पोखरली जातात आणि त्या पोकळीतूनच जंतू खोकल्यावाटे बाहेर पडतो. २०१० मध्ये जगभरच्या वाणांची तुलना झाली. आपली रोगप्रतिकारशक्ती जंतूचे जे तुकडे ओळखते, ते सर्वांत जास्त बदललेले असतील अशी अपेक्षा होती. निघाले ते जवळपास न बदललेले. याचा पटणारा अर्थ असा, की या जंतूला ओळखलं जाणं हवं आहे. शरीरानं हल्ला करावा, फुप्फुस झिजावं, खोकला यावा. प्लेगचा जंतू लपून वाढतो, क्षयाचा ओळख देऊन. दोघंही माणसाशी उत्तम जुळलेले.

क्षयाच्या जंतूला इतर जंतूंकडून जनुकं उसनी मिळत नाहीत. औषधांना दाद न देणं तो केवळ चुकांतून कमावतो. अशा चुकीची किंमत पडते, वाढ मंदावते. पण अर्धवट उपचारात तगलेल्या जंतूंत पुढे दुसरी चूक होऊन पहिलीची भरपाई होते आणि औषध न जुमानणारा वाण पुन्हा धडधाकट होतो. २०११च्या अखेरीस मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी कुठल्याच उपलब्ध औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाचे चार रुग्ण प्रसिद्ध केले. या क्षयाला दिलेल्या नावावर सरकारनं हरकत घेतली, वाद झाला. नावाचा वाद गौण होता. त्या रुग्णांच्या औषधचिठ्ठ्यांत चुकीच्या मात्रा आणि मधेच बदललेली औषधं होती. जंतूला यजमानाबरोबर डॉक्टरांच्या सवयींशीही जुळवून घेता येतं, हे त्यातून दिसलं.

महारोगाचा जंतू या वाटेवर सर्वांत पुढे गेलेला. २००१ मध्ये त्याचा जनुकसंच वाचला तेव्हा सुमारे १,६०० जनुकं चालू आणि १,१०० हून अधिक मोडकी आढळली. क्षयाच्या जंतूत चालू जनुकं ४,०००च्या घरात. वाटण्या होत गेलेल्या जुन्या वाड्यासारखा हा संच आहे: खोल्या पुष्कळ, पण बऱ्याचशा पडक्या, आणि राहणारे दोन-तीन खणांत. त्यामुळे हा जंतू आजतागायत प्रयोगशाळेत कृत्रिम अन्नावर वाढलेला नाही. दुप्पट व्हायलाच त्याला बारा-चौदा दिवस लागतात. त्याला गार जागा मानवते, म्हणून कानाच्या पाळ्या, नाक, हातापायांच्या नसा. मज्जातंतूंभोवतीच्या पेशींत तो राहतो आणि त्यांची मूळ ओळखच पुसून त्यांना आपल्या प्रसाराला जुंपतो, असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. हा जंतू सहसा मारत नाही, म्हणून त्याला सौम्य म्हणायचं तर दत्तपूर, तपोवन, आनंदवन या कुष्ठधामांत आयुष्य काढलेल्यांच्या बोटांकडे बघून म्हणायला हवं.

मग जहालपणा ठरतो कशानं? उत्क्रांतीचे अभ्यासक पॉल इवाल्ड यांचा तर्क असा, की जंतूचा प्रवास यजमानाच्या चालण्या-फिरण्यावर अवलंबून नसेल, पाणी किंवा पिसू त्याला नेत असेल, तर यजमान अंथरुणाला खिळला तरी जंतूचं बिघडत नाही. पटकी आणि प्लेगला हा तर्क बराच लागू पडतो, क्षयाला तितका नाही. तरी त्यातला एक भाग मला मोलाचा वाटतो: प्रसाराची वाट बंद केली तर रुग्णांची संख्या घटतेच, शिवाय जंतूच्या जहालपणाला मिळणारा मोबदलाही घटतो. तो दुसरा भाग अजून पुरता सिद्ध नाही. पहिला आहे, आणि टीसीएलला तेवढा पुरतो.

या आढाव्यातलं बरंचसं ज्ञान रुग्णाच्या शरीरातून थेट घेतलेल्या जंतूंमुळे मिळालं: ढाक्याचे जुलाब, मुंबईचे बेडके. आपल्याकडे मात्र गावोगाव ताप आला की विडाल चाचणी होते आणि ‘टायफॉईडची लागण आहे’ असं सांगून सलाईन लागतं. १८९६ची ही चाचणी रक्तातली प्रतिद्रव्यं मोजते, तेही बेभरवशानं. जंतू कुठला वाण आहे आणि कोणत्या औषधाला दाद देतो, यातलं ती काहीच सांगत नाही. म्हणून विनंती आहे. यात्रेहून परतल्यावर घरात कुणाला तीन-चार दिवस उतरत नाही असा ताप आला, तर अँटिबायोटिकची पहिली गोळी द्यायच्या आधी ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातला जंतू वाढवून बघायची चाचणी, करायचं का, हे डॉक्टरांना विचारा. जुलाब झाले तर मीठ-साखरेचं पाणी लगेच सुरू करा आणि शौचाचा नमुना घेता येईल का, हेही विचारा. गोळी पोटात गेली की जंतू नमुन्यात सापडण्याची शक्यता झपाट्यानं कमी होते.